कोणीच न तोडलेली नभाळी

तुमच्या गावची टेकडी फोडून कोणी गिट्टी करून विकली, तर तिच्यावर काही जिवंत उगवत होतं हे तुम्ही कसं सिद्ध कराल? आमच्या टेकडीबद्दल क्रशरवाल्यांनी कागदावर लिहून दिलंय – नुसता खडक.

आधीच सांगते, चमत्कारांवर माझा काडीचा विश्वास नाही. बाबा बाजारात अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटायचे. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. आता स्वतः पत्रकं लिहिते. त्यामुळे हे सांगताना लाज वाटतेय... पण लपवणं त्याहून वाईट.

रिसोड तालुक्यात मामाच्या शेतामागे ही टेकडी आहे. निम्मी गेलीय. माथ्यावर पिवळा मुरूम होता, तिथं आता खदान आहे. ब्लास्टिंगमुळे मामाची विहीर ढासळू लागलीय. उरलेली टेकडीही क्रशरला द्यायची की नाही, याची जनसुनावणी आता जवळ आलीय.

आमच्या कॉलेजच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांच्या संग्रहात, त्याच माथ्यावरची जुनी नभाळी आहे. डोंगरउतारावर उगवणारं निळं, केसाळ फूल. पण आमच्या वानखडे मॅडम म्हणाल्या, जुना नमुना पूर्वीचं सांगतो. सुनावणीत आजचं विचारतील.

म्हणून भादव्यात मॅडम, मामा आणि मी टेकडी पालथी घातली. पानापानावर क्रशरची राखाडी धूळ. नभाळी नाहीच. रिकाम्या हातानं परतायला नको म्हणून थोडी गवतं घेतली आणि वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबली. झाड तोडलं की तिथंच चिठ्ठी लिहून सोबत ठेवायची – कुठं, कधी, कोणी – हा मॅडमचा नियम. त्या घड्या दोन फळ्यांच्या प्रेसमध्ये घालून तिचे पट्टे मीच आवळले. मॅडमनी ती कॉलेजात नेऊन कुलपात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओले कागद बदलायला आम्ही दोघींनी मिळून प्रेस उघडली. दोन गवतांच्या मधल्या घडीत नभाळी होती.

निळी. ओली. पानावर धुळीचा कण नाही. मुळांना पिवळा मुरूम. चिठ्ठी नाही.

मॅडमनी मला विचारलं, तू ठेवलीस का. मी त्यांना तेच विचारलं. किल्ली फक्त त्यांच्याकडे. मग मामाला फोन केला. त्यानंच खोडी केली असावी अशी मला आशा होती, खरं तर. तो जीपनं आला, वाकून मुळं पाहिली आणि त्यांचा मुरूम बोटांत चोळला.

"मी कायले ठेवू? अन् आनू कुठून? हा माथ्यावरचा मुरूम. त्याची जागा तं हवेत आहे आता."

मॅडम खुर्चीत बसल्या. मामाचा जीव मात्र विहिरीत अडकलेला.

"लिहून टाक तुया नावानं. टेकडीवर भेटली म्हून लिही."

"मामा, मी तोडली नाही ती."

"त्याईनं खडक लिवला तवा कोनं इचारलं त्याईले? पुरी बापावर गेली तू. पाम्प्लेटं वाटत बस."

मी पेन उचललं होतं, हे कबूल करते. झाडाचं नाव लिहिलं. 'संग्राहक' या शब्दापुढे हात थांबला. त्यांच्या खोट्या कागदाविरुद्ध आमचाही खोटाच कागद ठेवायचा, तर भांडतोय कशासाठी? ती जागा कोरीच ठेवली. नमुना सुनावणीला जाणार नाही. मामा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही... विहीर त्याची ढासळतेय, माझी नाही.

गवताच्या मुळांत अडकून आली असेल? मग दिवसभर तिघांना दिसली कशी नाही? आणि तो मुरूम?  

रिसोड भागातल्या वाचकांनो, एकच मागते. फुलं आहेत तोवर ही उरलेली टेकडी चढा. निळी, केसाळ फुलं दिसली तर तोडू नका. फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा, आणि सुनावणीला या. तिथं उभं राहून स्वतःच्या नावानं सांगा – मी पाहिली.