शिबिरातली शेकोटी

चिकलठाण्याच्या औषध कंपनीत बायकांना हसायला शिकवायला पुण्याहून माणूस आला, तेव्हा सगळ्यात आधी हसली ती सखूबाई. "आता दात काढायचाबी पगार मिळणार म्हण," असं ती शेजारच्या चंपाबाईच्या कानाशी लागून म्हणाली. गोळ्यांची पाकिटं भरायच्या टेबलाला दोघी वर्षानुवर्षं खेटून बसत आलेल्या. सखूबाई शेंद्र्याची, घरी मेंढरं असलेली. चंपाबाई मुकुंदवाडीच्या वस्तीत लेकीला घेऊन राहणारी, नवऱ्यामागं राहिलेली.

चंपाबाई काही हसली नाही. तिचा चेहराच तसा, म्हणून तर सुपरवायझर द्वारकाबाईनं शिबिराला तिचं नाव आधी घातलं होतं. "हे बघ, यंदा काहीजणींना कायम करणार आहेत. साहेबांना हसरी माणसं पाहिजेत. तेवढं तोंड ठीक ठेव, बाई."

शिकवणारे बद्रीनाथ सर वाईट नव्हते. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकीला पूर्ण नाव विचारलं. "चंपाबाई साहेबराव दाभाडे," म्हणताना तिला बरं वाटलं. कंपनीत इतक्या वर्षांत नवऱ्याचं नाव तोंडून निघायची वेळच आली नव्हती. मग सरांनी एक मोठा आरसा आणला. एकेकीनं त्याच्यापुढं उभं राहून म्हणायचं, मी आनंदी आहे, माझं आयुष्य माझ्या हातात आहे. बाकीच्या बायका दोन दिवसांत मोकळ्या झाल्या. चंपाबाई मात्र नुसतं 'मी' म्हणून थांबायची. घरी मोरीपाशी लावलेल्या आरशाच्या तुकड्यातसुद्धा तिनं म्हणून पाहिलं आणि खजील झाली. आपल्यातच काही खोट असेल, असं तिला वाटायला लागलं. संध्याकाळी ती बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं मेणबत्ती लावून त्रिशरण म्हणायची तेव्हा जीव शांत व्हायचा. तिथं तिला कुणी आनंदी आहेस का म्हणून विचारत नव्हतं.

शेवटच्या दिवशी कँटीनच्या मागच्या मैदानात शेकोटी केली. प्रत्येकीनं एक वाळकी काडी घ्यायची, आपलं दुःख मनातल्या मनात तिला सांगायचं, ती आगीत टाकायची आणि टाळी वाजवायची. मोठे साहेब खुर्ची टाकून बघत बसले होते.

सखूबाईनं काडी फिरवून बघितली. "माझी सासू एवढ्यात मावायची नाय, सर. ओंडका द्या." सगळ्या खदखदून हसल्या. सरसुद्धा हसले.

चंपाबाईची पाळी आली. ती काडी घेऊन आगीपुढं नुसतीच उभी राहिली.

"टाका, ताई. मोकळ्या व्हा."

"सर, एक इचारू?"

"विचारा की."

"विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे निघायले होते, त्या साली गावात आमचं घर पेटवलं. मालक शेरड्या सोडायला आत गेले, ते भाईर आलेच नाहीत. ज्यांनी पेटवलं, त्यांनीबी अशी काडी टाकायची का? का नुसतं मीच?"

टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. सखूबाईनं तोंडाला पदर लावला. इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसली, तिला हे ठाऊक नव्हतं. सर गडबडले. त्यांनी साहेबांकडं एकदा बघितलं.

"ताई, झालं ते आपल्या हातात नसतं. दुसऱ्यांचं सोडा. दुःख धरून ठेवायचं की सोडायचं, हे आपलं आपण ठरवायचं."

"मी दुःख नाय धरलं, सर. ते मालक हायेत माझे."

तिनं काडी आगीपासून लांब जमिनीवर ठेवली आणि जागेवर जाऊन बसली.

पुढच्या महिन्यात द्वारकाबाईनं कायम झालेल्यांची नावं सांगितली. सखूबाईचं होतं, चंपाबाईचं नव्हतं. दिवाळीनंतर तिला कामावर घेणंही बंद झालं. सखूबाई गेटपर्यंत सोडायला आली आणि डब्यातल्या भाकऱ्या तिच्या पिशवीत घालून परत फिरली.

लेक केसर नर्सिंगला जायच्या तयारीत होती. काडी टाकली नाही म्हणून काम गेलं, एवढंच आईनं सांगितलं तेव्हा ती भांडी आदळायला लागली. "एक काडी, आई. सगळ्यांनी टाकली ना? तुझ्यानं एक काडी टाकवली नाही. आता माझं शिकणं कसं होणार, सांग."

चंपाबाईला गेल्या जानेवारीतली संध्याकाळ आठवली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं म्हणून अख्खी वस्ती रस्त्यावर होती. केसर निळ्या गुलालानं माखून घरी आली आणि आईला नाचायला ओढायला लागली. तेव्हा आपण डोकं दुखतं म्हणून सांगितलं होतं. बाप काविळीनं गेला, असं केसरला लहानपणापासून सांगत आलो. पोरीच्या मनात विष नको, तिनं हसत-खेळत वाढावं म्हणून. म्हणजे सरांनी त्या दिवशी जे करायला सांगितलं, ते आपण सोळा वर्षं घरात करतच होतो. साहेबरावाला दुसऱ्यांदा आपणच आगीत घातला.

"खाली बस," ती केसरला म्हणाली. "तुझा बाप काविळीनं नाय गेला."

तिनं सगळं सांगितलं. कुणी कुणाला हाक मारली, कोण दारात उभं राहून बघत होतं, ज्वारीच्या पिकात तोंड दाबून धरलेली दोन वर्षांची केसर, सगळं. सांगून तिला हलकं वाटलं नाही.

केसर रडली नाही. उठून मोरीवर गेली आणि उरलेली भांडी घासत बसली. त्यानंतर कित्येक दिवस ती आईशी कामापुरतंच बोलत होती. चंपाबाई लोकांच्या घरची धुणी करायला लागली होती. पोरीचं आयुष्य आपण नासवलं, असं तिला रोज वाटायचं.

एका सकाळी वेणी घालता घालता केसरनं विचारलं, "आपल्या गावाला कुठली गाडी जाते?"

"काय करतेस तिथं जाऊन? आता कुणी ओळखायचं नाय."

"तू ओळखशील ना जागा."

चंपाबाईनं गाडी सांगितली. मग आपली धुतलेली साडी दोरीवरून काढून घडी घातली आणि पिशवीत ठेवली.