रेंजच्या दगडावरचं मतदान

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी काही लिहिलं असेल तर ते मेंढ्यांच्या पाठीवर, गेरूने, आणि तेही एकच अक्षर. मी भोरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकतो, घराण्यातला कॉलेजात गेलेला पहिलाच. एवढ्या भांडवलावर लोकांचा वेळ घ्यावा का, याचा चार दिवस विचार केला. पण घडलं ते असं की, गेल्या वर्षी आमच्या वाडीने कॉम्प्युटरवाल्यांच्या एका परिषदेसाठी मतदान केलं, आणि उमेदवार मी होतो.

परिषद पुण्यात होती. एकाच प्रोग्रामिंग भाषेत काम करणारी माणसं वर्षातून एकदा जमतात, आपापलं काम एकमेकांना सांगतात, चहा पितात आणि घरी जातात. सगळा हौसेचा मामला. (आईला हे समजावलं तेव्हा तिने विचारलं, "ती भाषा कुठं बोलत्यात?" मी म्हणालो, बोलत नाहीत, नुसती लिहितात. "मंग भाषनं कशाला ठेवल्यात?")

आमची वाडी मार्गासनीच्या वर, डोंगरात. वाडीत मोबाईलला रेंज नाही. म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. कोणत्या मेंढीला कोणती लस कधी टोचली, ते मोबाईलवर नोंदवायचं. रेंज नसली तर प्रोग्राम नोंदी मुकाट्याने पोटात ठेवतो, रेंज आली की जनावरांच्या दवाखान्याकडे पाठवतो. एवढंच. माझा वर्गमित्र इरफान, त्याच्या वडिलांचं कामथडीजवळ हायवेला पंक्चरचं दुकान आहे, तो म्हणाला, "हे तिकडे जाऊन सांग. रेंज नसलेला माणूस त्यांनी बघितलाच नसेल."

"मला बोलता येत नाही रे."

"वीस मिनिटं तर आहेत."

वीस मिनिटं! सातवीत पंधरा ऑगस्टला मी भाषणाला उभा राहिलो होतो. 'आदरणीय' म्हणालो आणि पुढचं काहीच आठवेना. गुरुजींनी तीनदा टाळ्या वाजवायला लावून मला खाली बसवलं. तेव्हापासून वर्गात हजेरीला 'येस सर' म्हणायचं असलं तरी मी मनात एकदा म्हणून बघतो.

तरीही अर्ज भरला. घरचा नंबर म्हणून आईचा दिला. अर्जात शेवटी 'आणखी काही सांगायचं आहे का' असा रकाना होता. त्यात मी लिहिलं, 'भाषण निवडल्यास कृपया सर्वांत लहान खोली द्यावी.' मला दोनच गोष्टी हव्या होत्या. भाषण निवडलं जावं, आणि ते फार कुणी ऐकू नये.

आता रेंजच्या दगडाबद्दल सांगायला हवं. वाडीच्या वर खिंडीत एक काळा दगड आहे. त्यावर चढून नसरापूरकडे तोंड केलं की मोबाईलला दोन दांड्या येतात. वाडीतले सगळे फोन आणि सगळ्या तक्रारी त्याच दगडावरून होतात, निम्मी लग्नंही तिथूनच जमली आहेत. एका शनिवारी मी त्यावर बसून परिषदेचं पान बघत होतो. सगळ्यांचे अर्ज ओळीने लावले होते आणि प्रत्येकापुढे एक बदामाची खूण होती. तेवढ्यात तात्या आले.

तात्या माझे चुलते. ग्रामपंचायतीला तीनदा निवडून आलेले, शेवटच्या वेळी चार मतांनी. निवडणूक नसली की ते आजारी पडतात.

"काय बघतुयास रं सुन्या?"

मी सांगितलं.

"ह्यो बदाम कशाचा?"

"ज्यांना भाषणात रस आहे ते दाबतात."

"आन् फुडं आकडा?"

"किती जणांनी दाबला तो."

"तुजा किती?"

"तीन." (एक माझा, एक इरफानचा, एक इरफानने वडिलांच्या मोबाईलवरून दाबलेला.)

"सगळ्यात जास्त कुनाचा हाय?"

"एक्केचाळीस."

"एक्केचाळीस म्हंजी दोन घरं," तात्या म्हणाले. "ज्याला जास्ती त्याला निवडत्यात व्हय?"

"बहुतेक."

त्या पानावर खाली बारीक अक्षरात बरंच काही लिहिलं होतं. ते मी वाचलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मी 'बहुतेक' म्हणालो, आणि तात्यांना तो शब्द ऐकूच गेला नाही.

रविवारी सकाळी मी खिंडीत गेलो तर दगडापाशी रांग होती. तात्या खुर्चीवर, मांडीवर गेल्या निवडणुकीची मतदार यादी. शेजारी आई चहाचं पातेलं घेऊन. एकेक माणूस दगडावर चढायचा, मोबाईल माझ्या हातात द्यायचा, मी त्याच्या नावाने परिषदेच्या पानावर शिरून बदाम दाबायचो. कुणी दोनदा चढू नये म्हणून खाली उतरताना बोटाला मेंढ्यांचा गेरू.

"तात्या, हे बरोबर नाही," मी म्हणालो. "ह्यांना माझं भाषण काय आहे ते तरी माहीत आहे का?"

"माजं तरी कुनाला म्हाईत असतंय?" तात्या यादीवरून मान न काढता म्हणाले. "फुडचा!"

पुढचा मोबाईल बघितला तर तो आबांच्या नावाचा. आबा म्हणजे आमचे शेजारी, त्यांना जाऊन तीन वर्षं झालेली. मोबाईल आता त्यांची सून वापरते.

"तात्या, आबा नाहीत."

"यादीत हायेत."

"पण ते वारलेत."

"तरी दर टायमाला येत्यात बिचारे. आपन न्हाई कसं म्हनायचं?"

तिथे मात्र मी अडून बसलो. सुनेच्या नावाने नवीन खातं काढून दिलं. त्या दिवशीचं माझं एवढंच एक पुण्य आहे.

अकरा वाजता मार्गासनीहून मावशीकडची माणसं टेम्पोतून आली. बारा वाजता दामूअण्णा आले. दामूअण्णा म्हणजे तात्यांच्या विरोधातला गट. ते चार मतांनी पडले तेव्हापासून दोघं एकमेकांशी तिसऱ्या माणसामार्फत बोलतात. तो तिसरा माणूस बहुतेक वेळा मी असतो.

"सुन्या, इचार तुज्या तात्याला. आमाला मत हाय का न्हाई?"

"सुन्या, त्यांला सांग. सगळ्यांला हाय."

"बरं झालं," दामूअण्णा म्हणाले. "मंग मला सांग, तुज्या इरोधात कोन कोन उभं हाय?"

मी त्यांना यादी दाखवली. दाखवायलाच हवी होती. तिथे इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच. दामूअण्णांनी सगळे फोटो नीट बघितले आणि एका मुलीपाशी बोट थांबवलं. "ही कुनाची?"

"माहीत नाही. नागपूरची आहे. प्रोग्राममधल्या चुका आधीच कशा शोधाव्यात, यावर बोलणार आहे."

"चुका शोधती?" दामूअण्णांनी तात्यांकडे बघितलं. "मंग हीच आपली उमेदवार."

आणि मग त्यांची अठ्ठावन्न माणसं मी एकेक करून दगडावर चढवली आणि माझ्याविरुद्धची अठ्ठावन्न मतं स्वतःच्या हाताने दाबली. दामूअण्णा शेजारी उभे राहून बघत होते. "नीट दाब रं," मध्येच म्हणाले. "तुज्यावर इस्वास हाय, पर तू पुतन्या कुनाचा हायेस!"

दुपारी दादा आले. दादा म्हणजे माझे वडील. ते मेंढरं घेऊन आले, त्यामुळे मतदान काही वेळ थांबलं. सगळी रांग मेंढरांमध्ये विरघळली. दादांनी मोबाईल काढला, पण माझ्या हातात दिला नाही.

"आदी बोलून दाखीव."

"काय?"

"भाषन. ऐकल्याबिगर मत कसं दिऊ?"

तात्या म्हणाले, "आरं, घरचा मानूस तू."

"मेंढरू घेताना बी म्या दात बघतो. मंग हितं का न्हाई?" दादा म्हणाले. आणि काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले.

मी दगडावर उभा राहिलो. समोर दादा, आई, तात्या, दामूअण्णा, दोन्ही गट आणि शंभरावर मेंढरं. माझा प्रोग्राम मला पाठ होता. त्यातली ओळ न् ओळ मीच लिहिली होती. मी तोंड उघडलं. "आदरणीय," म्हणालो.

मग कोकरू ओरडलं. त्याचं भाषण माझ्यापेक्षा लांबलं. दामूअण्णांच्या गटातून कुणीतरी म्हणालं, "ह्याला दुसरं काय येतंय का न्हाई?" दुसरा म्हणाला, "जाऊ दे, नागपूरवाली बोलंल."

मग दादांनी जवळ येऊन मोबाईल माझ्या हातात ठेवला. "दाब," म्हणाले. "कमी बोलतोस, पर खोटं न्हाई बोलत." आणि मेंढरं घेऊन खिंड उतरून गेले.

संध्याकाळी माझ्यापुढे आकडा होता तीनशे बारा. तात्यांनी गुलाल आणायला सांगितला, तो मी कसाबसा थांबवला.

सोमवारी कॉलेजात इरफानने मला कोपऱ्यात घेतलं. "तू काय केलंस?"

"मी नाही. तात्यांनी."

"एका दगडावरून, एका दिवसात, तीनशे लोक? अरे, त्यांना वाटणार तू मतं चोरणारा प्रोग्राम लिहिलास. आपोआप बदाम दाबणारा."

"एवढा चांगला प्रोग्राम मला लिहिता येत नाही."

"हे त्यांना कसं कळणार?"

कळलं नव्हतंच. त्याच दिवशी आयोजकांची मेल आली. अगदी सभ्य भाषेत विचारलं होतं की तुमच्या भाषणाला एकाच ठिकाणाहून फार मोठा प्रतिसाद आला आहे, याबद्दल काही सांगू शकाल का. भाषण तर गेलंच, पण आता चोर म्हणूनही नाव होणार, आणि तेही पुण्यापर्यंत.

मी खरं काय ते लिहायचं ठरवलं. इरफानच्या दुकानात बसून लिहिलं: वाडीत रेंज नाही, रेंज फक्त दगडावर येते, म्हणून सगळे तिथे आले. ही सगळी माणसं खरी आहेत, मोबाईल त्यांचेच आहेत, पण बदाम मी दाबले. चुलत्यांची हौस आहे. माझा अर्ज बाद करायचा असेल तर करा, पण कुणी खोटा माणूस नव्हता, एवढं कृपया समजून घ्या. (आबांबद्दल लिहिलं नाही. ते निस्तरलं होतं.)

इरफानने ते वाचलं. "आणि नागपूरवालीला अठ्ठावन्न पण तूच दिलीस, हे लिही."

"ते कशाला?"

"निदान निःपक्षपाती तरी दिसशील."

तेही लिहिलं. पाठवून दिलं. आठ दिवस काहीच उत्तर नाही. मी रोज कॉलेजातून आलो की आधी दगडावर, मग घरी. नवव्या दिवशी आई म्हणाली, "आज दगडावर म्या तुज्या मावशीला फोन लावत हुते, तर मधीच पुन्याहून कुनाचातरी आला. लई गोड बोलत हुती बाई. तुजं नाव घेतलं."

"काय म्हणाली?"

"म्हनली, तुमी खरंच त्याचं ऐकायला येनार का? म्या म्हनलं, बोलीवल्याबिगर कसं यायचं. बोलीवलं तर सगळी येऊ."

"सगळी?"

"मंग काय, तुजा बाप एकलाच यील व्हय? लाजतोय त्यो."

मला काहीच समजेना. इरफानलाही समजेना. शेवटी दोन दिवसांनी मेल आली. मी दगडावर होतो, आणि तात्या खाली, टोपी काढून हातात धरून. निकाल ऐकताना ते नेहमी टोपी काढतात.

"वाच."

मी मराठी करून वाचत गेलो. "तुमचं भाषण समितीने पंधरा दिवसांपूर्वीच निवडलं होतं."

"म्हंजी मतदानाच्या आदी?"

"आधी."

"मंग बदाम कशाला हुता?"

मी पुढे वाचलं. बदामाची खूण म्हणजे 'मी हे भाषण ऐकायला येणार', असं पानाच्या तळाशी स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यावरून आम्ही कुणाला कोणती खोली द्यायची ते ठरवतो. तुमच्या घरी फोन करून खात्री करून घेतली आहे. आजवर एका भाषणासाठी इतकी माणसं कधी आलेली नाहीत. म्हणून तुम्हाला मुख्य सभागृह दिलं आहे, उद्घाटनानंतर लगेच. त्या वेळात बाकीची सगळी भाषणं बंद ठेवली आहेत, म्हणजे कुणाचंही तुमचं भाषण चुकणार नाही. तुमच्या तीनशे बारा आणि नागपूरच्या वक्त्यांच्या अठ्ठावन्न पाहुण्यांच्या जेवणाची सोय केलेली आहे.

"जेवान हाय?" तात्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "मंग टेम्पो सांगावं लागत्याल. दामूला कळीव, त्याचा त्यानं बघावा. आमच्यात बसायचं न्हाई."

ते खिंड उतरायला लागले. मेलमध्ये अजून एक ओळ राहिली होती. ती मी मोठ्याने वाचली नाही, कारण तात्या लांब गेले होते. आयोजकांनी लिहिलं होतं: 'आपली लोकप्रियता बघता आपल्याला मोठ्या सभांची सवय असेलच, तरी आपल्या भाषणाची वेळ वीस मिनिटांवरून पाऊण तास केली आहे.'