तुरीच्या डाळीची गल्ली

सोलापूरच्या दवाखान्यातून ह्यांचा फोन आला तेव्हा मी डाळ निवडत होते. "श्रीपाद गेला," एवढंच बोलले. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली डाळ निवडून डब्यात भरली. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय बाई आहे, दगडाच्या काळजाची! पण काही गोष्टी कानावर पडतात आणि आत पोचायला वेळ घेतात. आता महिना उलटून गेला, तरी ही पुरती पोचली आहे असं वाटत नाही...

श्रीपादभावजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. कचेरीत कारकून होते, लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले. आमच्या तुळजापूरला रेल्वे येणार, हे ते शाळेत असल्यापासून ऐकत होते. निवृत्त झाल्यावर एक दिवस म्हणाले, "वहिनी, सरकारची यायची तवा येईल. आपण आपली आणू." माडीवर दोन जुन्या दारांच्या फळ्या जोडून त्यांनी टेबल केलं, पुण्याहून रूळ आणि वीतभर गाडी मागवली. स्टेशन बांधलं, आणि स्टेशनातून थेट आमच्या दारापर्यंत येणारी गल्ली आखली. आताची नव्हे. आता सगळीकडे सिमेंटचे ठोकळे बसवलेत. त्यांना हवी होती ती जुनी, काळ्या दगडांची, मी लग्न होऊन आले तेव्हाची.

एकदा वाटीभर तूरडाळ मागून नेली. मला वाटलं, वर काहीतरी शिजवायचा बेत असेल. चार दिवसांनी जाऊन बघते तो डाळीचा एकेक दाणा, सपाट बाजू खाली, फुगीर बाजू वर, खळीनं चिकटवून काळा रंगवलेला. खरोखर दगड वाटत होते. मी म्हटलं, "वरणाचा रस्ता केलात की हो भावजी!" कौतुक मला कधी सरळ करता येत नाही. पुढं पंधरवड्यात उंदरांनी स्टेशनापासून दारापर्यंत गल्ली फस्त केली. मी पदर तोंडाला लावून हसले. ते गंभीरपणे म्हणाले, "आधी ठोकळ्यांनी खाल्ली, आता उंदरांनी." मग स्वतःच हसायला लागले.

त्यानंतर प्लास्टर आलं. पातळ थर ओतायचा, अर्धवट वाळला की दाभणानं एकेक दगड कोरायचा. ओला असला तर फाटतो, वाळला तर टवका उडतो, तेव्हा मधेच जेवायला हाक मारायची नाही, असा मला दम होता. कोरून झालं की तपासायला बोलवत. मी म्हणायची, "ह्या काय वड्या पाडल्यात? मधले दगड पायांनी गुळगुळीत झालते, कडेचे खडबडीत होते." ते निमूट पॉलिश पेपर हातात घेत. फटींत नुसती माती भरली तेव्हाही मी नाक मुरडलं. यात्रेकरूंच्या हातचं हळदकुंकू सांडून सांडून आमच्या फटी लालसर झालेल्या असत. देव्हाऱ्यातल्या करंड्यातली चिमूट त्यांनी मातीत मिसळली, फटींत चोळली, वरचं फडक्यानं पुसून घेतलं. ते बघून माझ्या तळपायांना ती गल्ली आठवली.

माझा हट्ट एकच होता. आमच्या उंबऱ्यापुढचा एक दगड हलायचा. पाय पडला की खटकन वाजायचा, आणि स्वयंपाकघरात बसून मला कळायचं, कोण आलं ते. भावजी मुद्दाम दोनदा वाजवायचे. म्हणजे, वहिनी, चहा टाका. गल्ली उकरली तेव्हा तो दगडही गेला, आणि तेव्हापासून घरात माणूस आलेलं कळेनासं झालं. "तेवढा दगड करा," मी म्हणायची. "दारापुढचं शेवटी," ते म्हणायचे. "ते झालं की गाडी सोडायची, उतरायचं नि चालत घरी यायचं."

मग दम लागू लागला, जिना सुटला. दवाखान्यात न्यायला गाडी दारात आली तेव्हा मी विचारलं, "माझा दगड राहिलाच ना?" म्हणाले, "काळजी करू नका वहिनी. आल्यावर गाडी सोडू..." ते आले नाहीत.

परवा धीर करून माडीवर गेले. दारापुढच्या जागेवर त्यांचा रुमाल पसरलेला होता. खाली नुसती फळी असणार, असं मनाशी धरूनच उचलला. गल्ली उंबऱ्यापर्यंत आलेली होती. मला रागच आला, झालं होतं तर सांगायचं नाही का! हात फिरवला तर उंबऱ्यापुढचा दगड हलला. सुटलाय म्हणून गोंद आणायला निघाले आणि जिन्यात थबकले. सगळी गल्ली एका थरात कोरलेली, त्यातला एकच दगड सुटेल कसा? परत येऊन निरखून पाहिलं. तो तुरीच्या डाळीचा दाणा होता. काळा रंगवून, खाचेत नुसता ठेवलेला, न चिकटवता.

मला भावजींची फार आठवण येते. रोज दुपार कलली की माडीवर जाते आणि तो दाणा बोटानं दाबते. आवाज कसला येतोय. तरी दोनदा दाबते, आणि खाली येऊन चहा टाकते.