दुसरा घास

डांगे चौकाच्या बाजारात सुकटीचा वास आला की मला थेरगावातली रविवारची एक दुपार आठवते. मी लातूरकडचा, माळकरी घरातला; जिच्याशी लग्न करायचं होतं ती कोकणातली. चाकणच्या कंपनीत आम्ही एकाच टेबलावर सुटे भाग तपासायचो आणि वर्षभर ती माझ्यासमोर फक्त भाजी-पोळी खात होती. त्या दुपारी मी लग्नाचं बोलायला तिच्या घरी गेलो. गळ्यात माळ असताना मासे खाता येत नाहीत, म्हणून जिन्यातच ती काढून खिशात ठेवली. तिच्या आईने माझं ताट वेगळं वाढलं होतं. "तुला वरणभात केलाय रे. आमचं तुला चालायचं नाही." मी म्हणालो, "चालतं, मावशी. वाढा सुकट." दुसऱ्याच घासाला पोटातून उसळलं आणि मी मोरीकडे धावलो. परत आलो तेव्हा आई तांब्या घेऊन उभी होती आणि मुलगी माझ्या उघड्या गळ्याकडे बघत होती. "माळ काढायला मी सांगितलं होतं का?" तिने विचारलं. मी आईसमोरच तिच्यापुढे हात जोडले. "सहा महिने दे. वासाची सवय होईल मला." "आणि माझी?" ती म्हणाली. "माझ्याही अंगाला हाच वास येतो. वर्षभर खरा डबा लपवून दमले मी." मला सोडायला ती दारापर्यंतही आली नाही. त्यानंतर मला ज्या दोन मुली आवडल्या, त्या दोघीही माळकरी घरांतल्या निघाल्या. हा निव्वळ योगायोग आहे, असं मी दुसरीशी लग्न होईपर्यंत स्वतःला सांगत होतो.