पाण्यात तोललेलं नाणं

डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात मी तेहतीस वर्षं माल तपासला. पुरवठादार शुद्ध म्हणाला की ते आधी खोटं धरायचं आणि मग कामाला लागायचं, हा आमच्या प्रयोगशाळेचा शिरस्ता. नोकरी सुटली तरी खोड सुटली नाही. मी घरी आलेल्या मधात काडी बुडवून बघायचो, तुपाचा थेंब तळहातावर चोळायचो. बायको म्हणायची, "तुम्हाला लग्नाआधी मला तपासायचं राहून गेलं का हो?" मी म्हणायचो, त्या वेळी उपकरणं नव्हती.

निवृत्तीनंतर या खोडीला एक चांगलं कुरण मिळालं. कल्याणच्या बाजारपेठेत एक जुनी पेढी आहे. लोक तिथे दागिने गहाण ठेवतात, आणि जे मुदतीत सोडवायला कुणी येत नाही ते पेढीवाले शेठ रीतसर विकतात. त्यात मधूनमधून सोन्याची नाणी निघतात. नव्या नाण्यावर घडणावळ द्यावी लागते, हौसेचं पाकीट घ्यावं लागतं. जुन्याला तसलं काही नाही. मी वर्षाकाठी एखादं घ्यायला लागलो. खरं सांगायचं तर मला सोन्यापेक्षा तपासण्याचीच हौस जास्त होती.

शेठची पद्धत वेगळी. ते नाणं आधी फरशीच्या तुकड्यावर आपटून त्याचा आवाज ऐकायचे, मग कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढून तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडायचे. रेघ टिकली की माल खरा. माझी पद्धत पाण्याची. छोट्या डिजिटल काट्यावर नाणं तोलायचं. मग त्याच काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा आणि नाणं दोऱ्याला बांधून, तळाला न टेकवता, पाण्यात सोडायचं. काट्यावर जो आकडा येतो, त्याने पहिल्या वजनाला भागायचं. बावीस कॅरेटच्या नाण्याचं उत्तर साडेसतराच्या पुढे येतं. पितळ असेल तर साडेआठातच गाडी अडते. रेघ नको, तेजाब नको, नाण्याला ओरखडा नाही. शेठ माझा हा खटाटोप गल्ल्यावर बसून बघायचे आणि म्हणायचे, "काका, दगड तुमच्यापेक्षा लवकर सांगतो." पण त्यांचा दगड आणि माझा पेला यांच्यात कधी भांडण झालं नाही, त्यामुळे माझा माझ्यावरचा विश्वास वाढतच गेला.

नातेवाइकांतही माझं नाव झालं. कुणाच्या बारशात आलेली अंगठी, कुणाच्या सासूने दिलेली साखळी, सगळं माझ्या पेल्यातून जायला लागलं. मी ते मिरवतही होतो, हे कबूल करतो.

माझी मोठी बहीण ठाण्याला नौपाड्यात राहते. तिचे यजमान खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. भावोजी अबोल माणूस. हाताच्या नखांतलं काळं ऑइल निवृत्तीनंतरही वर्षभर गेलं नाही. बायकोला काही आणून द्यावं हे त्यांच्या डोक्यात यायचं नाही. आलं तर ते भाजी आणायचे. फक्त एकदा, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, पगाराची थकबाकी हाती आली होती. त्या दिवशी ते कल्याणला गेले आणि कुठल्याशा पेढीवरून गहाणातलं एक जुनं नाणं घेऊन आले. एका बाजूला राणीचा मुखवटा, भोवती नक्षीची सोन्याची गोल पट्टी आणि वर गळ्यात घालायला कडी. ताईने ते गळ्यात घातलं नाही. देव्हाऱ्यात ठेवलं. दर धनत्रयोदशीला त्याला दुधाने न्हाऊ घालायची, हळदकुंकू वाहायची. आलेल्या बायकांना सांगायची, "हे ह्यांनी आणलं." एरवी ह्यांनी काय केलं हे सांगायला तिच्याकडे फारसं काही नव्हतं.

एक गोष्ट मात्र तिच्या मनात कायम टोचत असायची. भावोजी गावाकडच्या धाकट्या भावाला तिच्या नकळत पैसे पाठवायचे. दोन-तीनदा तिला पावत्या सापडल्या होत्या, भांडणं झाली होती. भावोजी भांडणात उत्तर द्यायचे नाहीत, उठून डेपोत जायचे. ताई मला एकदा म्हणालेली, "सगळ्यात खोटं बोलतील, पण त्या नाण्यात नाही बोलले. सगळी थकबाकी घातली त्यात." नाणं होतं म्हणून तिने बाकीचं माफ केलं होतं.

दोन वर्षांपूर्वी भावोजी गेले. त्यानंतरच्या पाडव्याच्या सुमारास ताईला नातीच्या बारशाला ते नाणं द्यायचं होतं. नौपाड्यात सोनारांना तोटा नाही, हल्ली त्यांच्याकडे क्षणात कॅरेट सांगणारं यंत्रही असतं. पण ताई म्हणाली, "देवातली वस्तू, बाहेर कशाला दाखवायची? तू आहेस ना." मी काटा घेऊन गेलो.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडामांड केली. नाणं भरलं दहा पूर्णांक वीस ग्रॅम. पाण्यातला आकडा आला सत्तर शतांश. भागाकार केला, साडेचौदा. मी पुन्हा केला. दोरा बदलला, पाणी बदललं, बुडबुडे झटकले. साडेचौदाच.

तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. "उद्या सोनाराकडे जाऊ" एवढं म्हणायला काय जात होतं? पण तेहतीस वर्षं माल नाकारलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं काही निघेना. मी म्हणालो, "ताई, यात भेसळ आहे. चांगली भरपूर. भावोजींना फसवलं कुणीतरी."

ताईने विचारलं, "नक्की?"

मी म्हणालो, "आकडा खोटं बोलत नाही."

तिने पेला स्वतःकडे ओढून आत बघितलं. मग म्हणाली, "त्यांना कोण फसवणार? दहा पैशाचा नट घेताना चार दुकानं फिरणारा माणूस. त्यांना माहीत होतं." मला कळायच्या आत तिने हिशोब जुळवूनही टाकला होता. "स्वस्तातलं हिणकस नाणं आणलं, वरचे पैसे गावाला गेले आणि वीस वर्षं मी बायकांना दाखवत बसले," ती म्हणाली. मी म्हणालो, "अगं, तसं नसेल." पण आकडा मीच दिलेला, त्यामुळे माझ्या बोलण्यात जोर नव्हता. नातीला तिने चांदीचे वाळे केले. नाणं देव्हाऱ्यातून निघालं आणि शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर जाऊन पडलं.

त्यानंतर ताई भावोजींविषयी बोलेनाशी झाली. पूर्वी दर वाक्याला "हे असते तर" असायचं. ते बंद झालं. मी त्याचा अर्थ असा लावला की बाई दुःखातून सावरतेय. शहाण्या माणसाला स्वतःच्या सोयीचा अर्थ लगेच सापडतो.

मग आला यंदाचा दसरा. त्याच्या चार दिवस आधी मी कल्याणला पेढीवर गेलो. शेठ एका बाईंचं गहाणाचं काम उरकत होते. मेजावर विकायला काढलेलं एक नाणं होतं, भोवती नक्षीची पट्टी, वर कडी, अगदी ताईच्यासारखं. आजवर माझ्यासमोर शेठनी नेहमी सुटी नाणीच ठेवली होती. पट्टीतलं मी त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. मी काटा काढायला पिशवीत हात घातला.

शेठ म्हणाले, "थांबा काका, असं नाय तोलायचं. आधी सोडवावं लागेल."

"का?"

"पट्टी पोकळ असते ना. पातळ पत्र्याची. आत लाख भरतात, नाणं हलू नये म्हणून. ती काढल्याशिवाय मी कोणाला दाखवत नाय. वजन फसवतं."

त्यांनी चिमट्याने नाणं धरून छोट्या दिव्यावर शेकलं. लाखेचा जळका वास आला, पट्टीच्या कडेने तपकिरी थेंब फुगून बाहेर आला आणि नाणं अलगद सुटून मेजावर पडलं.

मी काटा पिशवीतच राहू दिला. लाख म्हणजे जवळजवळ पाण्याइतकीच हलकी. चिमूटभर लाख वजनात काही भर घालत नाही, पण पाण्यात सोन्याइतकीच जागा अडवते. हे गणित मी कारखान्यात शिकाऊ मुलींना शिकवलेलं. पोकळ झाकणाची बरणी अख्खी तोलायची नाही, आधी झाकण काढायचं. आणि बहिणीचं नाणं मी झाकणासकट तोललं होतं.

शेठना विचारलं, "घरी सोडवता येतं?"

"विस्तवावर नका धरू. उकळत्या पाण्यात टाका पाच मिनिटं. पण झालं काय काका? चेहरा का पडला?"

मी पिशवी उचलली. नाणं न घेता उठलो आणि तसाच ठाण्याला गेलो.

ताई दारातच म्हणाली, "फोन न करता आलास? बरा आहेस ना?" मी म्हटलं, "नाणं काढ." तिला वाटलं मी विकत न्यायला आलोय. म्हणाली, "ने बाबा, वितळव नाहीतर काय करायचं ते कर." शिवणाचा डबा टेबलावर ठेवून ती बाजूला झाली.

पातेल्यात पाणी उकळत ठेवलं तेव्हा मी तिला लाखेचं सांगितलं. ती गॅसपाशी येऊन उभी राहिली. सांगितलं खरं, पण मलाही खात्री नव्हती. पट्टीत लाख निघेल आणि नाणंही हिणकस निघेल, असंही होऊ शकत होतं. मग तिला दुसऱ्यांदा तेच ऐकावं लागलं असतं, तेही माझ्याच तोंडून. पाच मिनिटांनी चिमट्याने नाणं बाहेर काढलं आणि तिच्या केसातल्या आकड्याने पट्टीची कड उचकटली. दोनदा आकडा निसटला, हाताला चटका बसला. तिसऱ्यांदा मऊ लाखेची तपकिरी दोरी बाहेर आली आणि पाठोपाठ नाणं.

ते पुसून काट्यावर ठेवलं. सात पूर्णांक पंच्याण्णव. पेला ठेवला, दोरा बांधला. चटका बसलेल्या बोटांनी दोरा नीट धरता येईना, म्हणून नाणं तळाला टेकायला लागलं. ताई म्हणाली, "दे इकडे." तिने दोरा धरला. तिचा हात स्थिर होता. काट्यावर पंचेचाळीस शतांश आले आणि तिथेच थांबले.

मी भागाकार कागदावर केला, कारण मनातल्यावर आता माझा विश्वास नव्हता. सतरा पूर्णांक सहासष्ट.

"खरं आहे, ताई. पूर्ण खरं आहे. चूक माझी."

मला वाटलं ती रडेल, किंवा मला फाडून खाईल. दोन्ही चाललं असतं. मी तर वाटेत बोलणी खायची तयारी करूनच आलो होतो. तिने दोरा सोडला नाही. पाण्यातल्या नाण्याकडे बघतच म्हणाली, "या पितृपक्षात त्यांचं पान वाढलं मी. भात, वरण, वडे, सगळं केलं. त्यांना तांदळाची खीर लागायची. ती मी मुद्दाम केली नाही."

मी म्हणालो, "अगं, तुला मीच सांगितलेलं ना. आकडा माझा होता."

"तू काय रे, एक नाणं तोललंस. तुझा आकडा चुकला, तू तो आज दुरुस्त केलास." तिने नाणं वर काढलं आणि पदराला पुसलं. "मी पंचेचाळीस वर्षं त्या माणसाबरोबर राहिले. मी तुला एवढंच विचारलं, नक्की? आणि तू हो म्हणालास, तर लगेच मानलं. कावळा अर्धा तास आला नाही तेव्हाही मला वाटलं, नको येऊ दे."

मला स्वतःची लाज वाटत होती आणि तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं. आमच्या घरात तशी पद्धत नाही, म्हणून मी नुसताच टेबलावरचा पेला उचलून मोरीत ओतला.

ताईने डब्यातून मूठभर तांदूळ काढले आणि धुवायला घेतले. मी म्हटलं, "आता कशाला? पितृपक्ष संपला."

ती म्हणाली, "माहीत आहे मला. दूध आण खालून, एक लिटर."