लॉक केलेल्या लेअरवरचं लाल घर

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, लातूर मुक्कामी वीस वर्षं ऑटोकॅडवर रेघा ओढणारा, भुताखेतांची यथेच्छ टिंगल करणारा प्रस्तुत लेखक एका साध्या चौकोनापुढे सपशेल हरला आहे. हसा. मीही हसलो असतो.

माझं ऑफिस क्लासेसच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर. भूकंपानंतर आम्ही पुनर्वसनाची घरं आखली. मग क्लासेस आले, तशी हॉस्टेलं आखायला लागलो. असंच फिजिक्सच्या एका सरांचं काम आलं. त्यांना औशाच्या पुढे निवासी क्लास बांधायचा होता. जागा कुठली? तर भूकंपात पडलेल्या एका गावाची. गाव केव्हाच तीन मैलांवर नव्या वसाहतीत गेलेलं. जुन्या जागी नुसत्या बाभळी.

गुरुवारी दुपारी रसूलचाचा जिना चढून आले. त्याच पडलेल्या गावचे. धंदा पिंजाऱ्याचा, गाद्या भरायचा. एका डोळ्यात मोतीबिंदू.

"साहेब, माझं घर शोधून द्या."

भूकंप झाला त्या पहाटे चाचा कामासाठी मुखेडला होते. दुसऱ्या दिवशी पोचले, तेव्हा बायको, जुबेदा, भिंतीखाली गेलेली. कब्रस्तानची वाट ढिगाऱ्यानं बंद. त्यांनी स्वतःच्या अंगणातच तिला पुरलं आणि उशाला तिच्या जात्याची तळी, खालचा दगड, ठेवली. पुढे मशीननं सगळं सपाट केलं आणि जागा हरवली.

"मला यायला उशीर झाला की कंदील घेऊन कोपऱ्यावर येऊन उभी राहायची," चाचा म्हणाले. "मी चिडायचो. मैं आराच था ना, तू कायको उठी? त्या दिवशी मात्र..." 

सर वाईट नव्हते. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "कबरीसाठी दहा बाय दहा जागा सोडतो, कुंपण घालून देतो. पण चाचांनी गेल्या तीन दिवसांत तीन जागा दाखवल्या हो! अख्खं रान कसं सोडू? सोमवारी मशीन येतंय."

आता माझी कला! भूकंपाआधीचा गावठाणाचा कापडी नकाशा मिळवला, स्कॅन केला, घर न् घर ट्रेस केलं. चाचांचं घर अंगणासकट लाल रंगात, वेगळ्या लेअरवर, म्हणजे नकाशावर अंथरलेल्या वेगळ्या पारदर्शक कागदावर समजा. पण कागदावरचं गाव जमिनीवर बसवायचं, तर नकाशातल्या आणि जागेवरच्या त्याच खुणा एकमेकींना जोडाव्या लागतात. शुक्रवारी सर्व्हेवाला गंगाधर जीपीएस घेऊन गेला. विहीर बुजलेली. मिळाल्या दोनच खुणा: मारुतीच्या देवळाचा ओटा आणि शिवेचा दगड. मी त्या दोन पॉइंटवर नकाशा अलाइन केला. अंतरात थोडा फरक पडला... म्हटलं, कापड आहे, आकसलं असेल. तिसरा पॉइंट शोधायला वेळ होता कुणाला!

शनिवारी सकाळी फाइल उघडली. सगळं गाव जागेवर. फक्त लाल घर एकतीस फूट पूर्वेला, दुसऱ्यांच्या भिंतींवर चढून बसलेलं. वाटलं, माझाच हात लागला. मागे आणलं, सेव्ह केलं, चहा घेऊन आलो. पुन्हा एकतीस फूट, पूर्वेलाच. तेव्हा ते पुन्हा मागे आणलं आणि लेअर लॉक केला. लॉक म्हणजे माऊस आपटला तरी रेघ हलत नाही! खोलीत मी एकटा. फाइल बंद केली, उघडली...

एकतीस फूट.

गंगाधरला फोन लावला. "तू काही करायलास का माझ्या कॉम्प्युटरवर?"

"मी उदगीरला हाय, दादा. तुमाला झोप पायजे."

रविवारी आम्ही जागेवर गेलो. मी मोठ्या तोऱ्यात माझ्या हिशोबानं बरोबर असलेल्या जागी चुना टाकला. चाचांनी पहार घेतली. दुपारपर्यंत चार ठिकाणी खणलं. निव्वळ मुरूम. चाचा गुडघ्यावर बसून हातानं माती उकरायला लागले. नखं फुटली, तरी थांबेनात. "उद्या मशीन हाय साहेब... उद्या मशीन हाय..." एवढंच चाललेलं. मला ते बघवेना.

तेवढ्यात वाटेवरून गावचा गुरव आला, हातात तेलाची बुदली. ओट्याला तेल वाहिलं आणि आमच्याकडे बघत म्हणाला, "काय शोधायलेत?"

गंगाधर म्हणाला, "घर. ह्या ओट्यावरनं मोजलंय."

"ह्यो ओटा? अवो, ह्यो देवळाचा न्हाईच! मारुती नव्या गावाला नेला. मग जुन्या जागेचं तेल कुठं वाहायचं? म्हून त्येच दगड हितं वाटंच्या कडंला आणून रचले. आत काट्यात कोण जातंय? देऊळ तिकडं, लिंबाच्या बुंध्याकडं."

 काटे तोडले. लिंबाजवळ पायाची चिरेबंदी लागली. गंगाधरनं रीडिंग घेतलं, मी जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून नकाशा नव्यानं अलाइन केला. एकतीस फूट सरकलेलं लाल घर तेवढं होतं तिथंच लॉक ठेवलं होतं.

सगळं गाव पूर्वेला सरकलं... आणि त्या लाल घराभोवती नेमकं बसलं. भिंतीला भिंत. रेघेवर रेघ.

गंगाधरनं रीडिंग पुन्हा घेऊन बघितलं; तेच आलं.

ओटा हलला होता, म्हणून माझा नकाशा चुकला, इतकं मला कळतं. पण आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं, तेव्हा शनिवारी तीनदा ते घर बरोबर जागी कुणी नेऊन ठेवलं? गंगाधर म्हणतो, फाइल करप्ट झाली असेल. करप्ट फाइल बरोबर घरी पोचते होय रे? व्हायरस तपासला, कॉम्प्युटर बदलला. उत्तर आजही नाही.

लाल अंगणाच्या खुणा जमिनीवर उतरवल्या. हातभर खाली पहार दगडावर वाजली. चाचांनी माती बाजूला केली. जात्याची तळी. त्यांनी तिच्यावर दोन्ही हात ठेवले, आणि आम्ही सगळे उभे आहोत याचं भान न राहून रागानंच मोठ्यानं बोलले,

"मैं आराच था ना... तू कायको उठी?"