थूल सिस्टरांचा ट्रे आणि माझी बातमी

सिस्टर कौसल्या थूल यांची आणि माझी पहिली भेट जेमतेम एका मिनिटाची होती. ते मिनिट मी नीट वापरले असते तर या गौरवग्रंथातला हा लेख वेगळा झाला असता.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीचा उन्हाळा होता. मी नागपूरच्या एका दैनिकाचा वर्ध्यातील बातमीदार होतो. एके दुपारी नालवाडीचे एक गृहस्थ धापा टाकत माझ्याकडे आले. त्यांच्या भावजय शांताबाई यांच्या हृदयाचे ऑपरेशन आदल्या दिवशी झाले होते. "भाऊ, नर्सनं माह्या वैनीची छाती खाटेवरच फाडली," ते म्हणाले. "डॉक्टर बी नव्हता. पडद्याच्या फटीतून या डोयानं पाह्यलं मी!"

मी सायकल काढून रुग्णालयात गेलो. वॉर्डाबाहेर थूल सिस्टर उभ्या होत्या. कोपरापर्यंत हात रक्ताने माखले होते. हे खरे का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "हो, टाके मीच कापले. बाई आता थेटरात आहे. दोन तास थांबा, डॉक्टरसाहेब बाहेर आले का सारं सांगतो तुमाले."

बातमीचे पाकीट साडेचारच्या नागपूर गाडीच्या कंडक्टरकडे द्यावे लागे. मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी मथळा छापून आला, "परिचारिकेने खाटेवरच रुग्णाची छाती उघडली". त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त शांताबाईंचे हृदय बंद पडले होते हे त्यात नव्हते, आणि मी रुग्णालयात पोहोचण्याआधीच ते पुन्हा चालू लागले होते, हेही नव्हते.

जे त्या दिवशी दोन तासांत कळले असते ते मला पुढे हळूहळू कळत गेले. लहानपणच्या सांधेतापाने ज्यांच्या हृदयाची झडप अरुंद होते, त्यांचे ऑपरेशन डॉ. सबनीस करीत. डाव्या बरगड्यांमधून आत जाऊन ते बोटाने झडप मोकळी करीत. बहुतेक रुग्ण बरे होत. पण एखाद्याचे हृदय ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत अचानक थांबे. पुष्कळदा हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साचून ते दाबले गेलेले असे. अशा वेळी छाती वरून दाबून फारसा उपयोग होत नाही. ताजी जखम उघडून, साचलेले रक्त काढून, हृदय हातात घेऊनच दाबावे लागते, आणि तेही चार-पाच मिनिटांत. तेव्हा डॉ. सबनीसांचे हात दुसऱ्या रुग्णाच्या छातीत असले तर? म्हणून हृदयाच्या प्रत्येक रुग्णाच्या उशाशी एक झाकलेला ट्रे ठेवण्याची पद्धत त्यांनी घातली. त्यात हातमोजे, सुरी, कात्री आणि बरगड्या फाकवण्याचे यंत्र असे.

ट्रे डॉक्टरांचा, पण तालीम थूल सिस्टरांची. आपल्या आंजी (मोठी) या गावाहून त्यांनी एक पोते सरकीने भरून आणले होते. त्याला वीतभर चीर देऊन ती जाड दोऱ्याने शिवलेली असे, आणि आत सरकीत एक रबरी चेंडू. रोज सकाळी पाळी बदलताना एकाने टाके कापून, हात घालून तो चेंडू मुठीत धरायचा आणि दुसऱ्याने घड्याळ पाहायचे. मग सिस्टर पोते घरी नेऊन पुन्हा शिवून आणीत. वॉर्डातले सफाई कामगार महादेव यांना याची मोठी गंमत वाटे.

"सिस्टर, या पेशंटले डिस्चार्ज द्या ना आता! रोज फाडता, रोज शिवता, पोटाले काई देत नाई."

"महादेव, आज तुयी पाळी आहे. गोष्टी नको सांगू, कैची उचल."

"मी तं झाडूवाला माणूस, बाई!"

"पेशंटचं दिल थांबताना पाहत नाई, समोर झाडूवाला आहे का डॉक्टर. चाल, घड्याळ लावलं मी."

शांताबाईंच्या वेळी खाटेपाशी डॉक्टर होते. नालवाडीच्या गृहस्थांना ते कोवळे तरुण डॉक्टर वाटलेच नाहीत, इतकेच. ते वरून छाती दाबत होते. सिस्टरांनी टाके कापले आणि "साहेब, हात घाला" म्हटले. ते मागे सरले, तेव्हा सिस्टरांनी स्वतःचा हात घातला. "मुठीएवढी रक्ताची गाठ निघाली," त्यांनी मला एकदा सांगितले. "मंग दाबत राह्यलो, दाबत राह्यलो, आन् एकदम फडफडलं. चिमणी हातात धरल्यावानी."

माझ्या बातमीने गदारोळ झाला. काही नातेवाईक आपले रुग्ण घरी घेऊन गेले. व्यवस्थापनाने लेखी आदेश काढला की छाती उघडायची ती थिएटरात आणि डॉक्टरांनीच. ट्रे थिएटरच्या कपाटात कुलूपबंद झाले, तालीम बंद पडली आणि थूल सिस्टरांची बदली वॉर्डासमोरच्या कापडखोलीत झाली. शांताबाई चालत घरी गेल्या तेव्हा मी चार ओळी पाठवल्या. त्या आतल्या पानावर सिनेमाच्या जाहिरातीखाली आल्या. कोणी वाचल्या असतील असे वाटत नाही.

त्याच वर्षी पोळ्याच्या आधी केळझरची सुनंदा वॉर्डात आली. वीस वर्षांची होती. ऑपरेशन चांगले झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे हृदय थांबले. डॉ. सबनीस थिएटरात दुसऱ्या रुग्णाजवळ होते. वॉर्डातले डॉक्टर वरून छाती दाबत राहिले, एक नर्स किल्लीसाठी धावली. समोरच्या खोलीतून थूल सिस्टर पळत आल्या आणि खाटेपाशी उभ्या राहिल्या. ट्रे आला तेव्हा वेळ निघून गेली होती. छाती उघडल्यावर आत तशीच रक्ताची गाठ निघाली.

हे मला सिस्टरांनीच सांगितले. सुनंदाच्या मृत्यूनंतर डॉ. सबनीसांनी ट्रे परत मिळाल्याशिवाय ऑपरेशनला हात लावणार नाही असे बजावले आणि आदेश मागे घेतला गेला. त्याची बातमी करायला मी गेलो होतो. सिस्टर कापडखोलीतला पसारा आवरून वॉर्डात परतण्याच्या तयारीत होत्या. मी माफी मागायला सुरुवात केली. चूक माझी, असे म्हणालो. त्यांनी मला वाक्य पुरे करू दिले नाही.

"तुमी कागदावर लिहिलं, भाऊ. कैची माह्या खिशात होती."

चादरी कापायची ती कात्री. त्या सकाळी ती त्यांच्या एप्रनच्या खिशात होती, आणि आदेश त्यांना पाठ होता. त्यांनी ती बाहेर काढली नाही. मी काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, "रडगाणं राहू द्या. तालीम पाहा. अन् या खेपेले पूर्ण पाहा." मला घड्याळ धरायला बसवले. ती तालीम मी चार वेळा पाहिली. साडेचारची गाडी निघून गेली. पाकीट दुसऱ्या दिवशी पाठवले, आणि त्यात छाती का उघडतात, हे पहिल्यापासून लिहिले.

थूल सिस्टरांनी पुढे निवृत्तीपर्यंत कितीतरी मुलींना त्या पोत्यावर तयार केले. आज त्या मुली दूरदूरच्या रुग्णालयांत काम करतात. आपल्या कामाचा त्यांनी कधी गवगवा केला नाही. "सारेच वापस येत नाईत," हे त्या तालमीच्या पहिल्याच दिवशी सांगत. "पण कोणी आपल्या उशिरानं जाऊ नये." माझ्याशी तर त्या अकारण चांगल्या वागल्या. माझ्या आईला त्याच रुग्णालयात ठेवावे लागले तेव्हा ती बातमी कोणाची हे नर्सेसना माहीत होते. सिस्टरांनी मला सगळ्यांसमोर बसवून चहा पाजला आणि म्हणाल्या, "हे आपले भाऊ आहेत. यायच्या मायले काई कमी पडू देऊ नका." तिथे माझ्याकडे वाकड्या नजरेने पाहणे त्या दिवसापासून थांबले.

दरवर्षी पोळ्यानंतर त्या केळझरला सुनंदाच्या घरी जातात. एका वर्षी मीही सोबत होतो. सुनंदाचे वडील लक्ष्मणराव दारातच म्हणाले, "सिस्टर, तुमी काऊन येता दरसाल? तुमचा काई गुन्हा नाई."  सिस्टरांनी पिशवीतून रक्तदाबाचे यंत्र काढून त्यांचा दाब मोजला आणि "मीठ कमी करा म्हटलं होतं ना, बापू?" म्हणून त्यांना रागावल्या. लक्ष्मणरावांनी आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही. माझी ओळख सिस्टरांनी "आमचे भाऊ" एवढीच करून दिली. मी त्या घरी पोटभर जेवलो आणि ती बातमी माझी होती हे सांगितले नाही. परतीच्या गाडीत सिस्टरांनीही तो विषय काढला नाही.

गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला सिस्टरांच्या गुणांवर लिहायला सांगितले होते. त्यातले थोडे लिहून झाले. उरलेल्या जागेत, जे वाक्य त्या मला कधी पुरे करू देत नाहीत ते लिहितो. शांताबाईंच्या वेळी त्यांच्या हाताने कोणाला विचारले नव्हते. सुनंदाच्या वेळी तोच हात खिशापाशी थांबला, तो भित्रेपणाने नव्हे. माझ्या बातमीने त्याला थांबायला शिकवले होते. ही गोष्ट लक्ष्मणरावांना सिस्टरांकडून कधीच कळणार नाही. म्हणून या ग्रंथाची पहिली प्रत हाती आली की मी ती केळझरला नेणार आहे आणि लक्ष्मणरावांना हा लेख वाचून दाखवणार आहे. ते जेवायला थांबवतील की नाही, ते त्यांनी ठरवावे.

थूल सिस्टरांनी साठ वर्षे पूर्ण केली. त्यांची प्रकृती धडधाकट राहो, गुडघे कुरकुर न करोत, आणि पुष्कळ वर्षे पोळ्यानंतरची ती गाडी त्यांना मिळत राहो. एवढेच मागणे की यंदापासून त्यांनी त्या घरी पाहुणी म्हणून जावे.